आखाडातली कोळशाची मोटार

आखाडात जावयानं सासुरवाडीचा उंबरा ओलांडू नये, हा नियम मी जन्मात एकदाच पाळला, आणि तो पाळताना बघायला अख्खं जळकोट गोळा झालं होतं.

नियम नीट सांगायला हवा, कारण आताच्या पोरांना आखाड म्हटलं की फक्त तळण आठवतं. आमच्या घराण्यात लग्नानंतरचा पहिला आषाढ फार कडक. नव्या सुनेनं सासूचं तोंड पाहायचं नाही, म्हणून तिला महिनाभर माहेरी धाडायची. इथवर सगळीकडं असतंच. पण आमची वस्ती कानडी मुलखाच्या कडेला, त्यामुळं आमच्यात त्याला आणखी एक शेपूट होतं: सासूनं नव्या जावयाचं तोंडही पाहायचं नाही आणि दोघांनी एका उंबऱ्यातून ये-जा करायची नाही. पाहिलं तर काय होतं, हे कुणी नक्की सांगत नसे, आणि सांगत नसत म्हणूनच भीती जास्त. हा नियम ज्यानं काढला तो एक तर संन्यासी असावा, नाहीतर त्याची बायको भांडकुदळ असावी.

माझं लग्न वैशाखात झालं. लढाईचे दिवस होते, राज्य निजामाचं होतं, आणि मी उस्मानाबादेत (कचेरीत उस्मानाबाद, घरात धाराशिव) तहसिलीत नकलनवीस होतो. म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेलं उर्दू मी पुन्हा उर्दूत लिहीत असे. घरात आई, वडील, दोन काका, दोन काकू आणि त्यांची पिलावळ. एवढ्या माणसांत नव्या नवरा-बायकोनं बोलणं म्हणजे भर दिवसा चोरी. रात्री कुजबुजावं तर भिंतीपलीकडून थोरले काका खोकून दाखवायचे. दिवसभरात आमचं संभाषण एका शब्दाचं. मी म्हणायचो, "पाणी." ती तांब्या आणून ठेवायची. बांगड्या वाजायच्या, तांब्या यायचा, बांगड्या वाजत परत जायच्या. दिवसातून इतक्या वेळा हे होई की मला तहानेचा विकार जडलाय, अशी घरात बोलवा झाली. आईनं वैद्याकडून चूर्ण आणलं.

आषाढ लागला आणि माझ्या बायकोचा, नीलाचा, भाऊ बैलगाडी घेऊन आला. ती गेली, आणि माझी तहान एकदम थांबली.

"बघ," आई काकूंना म्हणाली, "चूर्ण लागू पडलं."

मला मात्र अजिबात करमत नव्हतं. कचेरीत एकच अर्ज मी दोनदा उतरवला आणि पेशकारांनी चष्म्यावरून बघितलं. तिचा चेहरा डोळ्यांपुढं आणावा तर पुरता येईना, कारण नीट पाहिला होता कुठं? हनुवटी आठवायची, कपाळावरची विभूती आठवायची, मधलं गळालेलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तिला तिकडं माझी आठवण येते की नाही, हे कळायला काही मार्ग नव्हता. कदाचित येत नसेल. माहेरी सगळं असतं. तिथं एक माणूस सारखं पाणी मागत नाही, एवढा फरक तिला सुखाचाच वाटत असेल. एवढं एक कळलं असतं तर मी उरलेला आखाड गुमान काढला असता.

माझे दोन दोस्त. एक हमीद, मोटारींचा मिस्त्री, हाताला कायम तेल आणि तोंडाला कायम थट्टा. दुसरा बसप्पा, कापडवाल्यांचा मुलगा, देहानं ऐसपैस. त्याचे नातेवाईक निजामाच्या मुलखात गावोगावी पसरलेले होते आणि त्या प्रत्येकाकडं काय चांगलं शिजतं ते त्याला तोंडपाठ होतं. आज ते दोघेही नाहीत. कुठल्याही सडकेवर मोटारीचा भोंगा लांबून ऐकू आला की मला अजून वाटतं, आता कुणीतरी "क्या रे शिवा" म्हणेल. कुणी म्हणत नाही.

गावातल्या एका वकीलसाहेबांकडं मोटार होती. लढाईमुळं पेट्रोल मिळेना, म्हणून ती बरेच दिवस कोंबड्यांच्या ताब्यात होती. हमीदनं वकीलसाहेबांना पटवलं आणि मोटारीच्या पाठीमागं कोळशाची भट्टी बसवली. तेव्हा अशा मोटारी निघाल्या होत्या. भट्टीत लोणारी कोळसा भरायचा, पेटवायचा, हातानं पंखा गरागरा फिरवायचा, मग धुरातून गॅस तयार होऊन इंजिनाला जायचा. ताकद निम्मी, काजळी दुप्पट. वकीलसाहेब म्हणाले, "लांबवर नेऊन बघ. चालली तर मी बसेन."

हमीद माझ्याकडं आला. "शिवा, चल रे. गाँव गाँव फिरते. किधर कू चलना?"

"तुळजापूरला जाऊ," मी म्हणालो.

"फिर?"

"नळदुर्ग. किल्ला बघू."

"फिर?"

मी टोपी नीट केली. "वाटलंच तर जळकोट."

"जळकोट में क्या है?"

"सडक चांगली आहे म्हणतात."

बसप्पा शेंगा सोलत बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "सडक चांगलीच हाय. तुज्या लग्नाला आमी त्याच सडकंनं गेलतो न्हवं."

दोघांनी माझ्याकडं पाहिलं आणि एकाच वेळी दुसरीकडं पाहिलं. त्यानंतर त्या विषयावर कुणी बोललं नाही. पण त्या घटकेला त्यांनी ठरवून टाकलं की मोटार शक्य तितकी सावकाश न्यायची.

माझा बेत साधा होता. जळकोटला सासऱ्यांचं घर हमरस्त्याला लागून. मोटार घरासमोरून ऐटीत न्यायची, दोनदा भोंगा वाजवायचा. मोटार म्हटल्यावर गावात कोण घरात बसतं? ती दाराशी येणार. मी पुढच्या बैठकीवर, अंगात कचेरीची शेरवानी. ती मला पाहणार, मी तिला पाहणार, आणि तिच्या चेहऱ्यावर काय उमटतं तेवढं बघून पुढं जायचं. उंबरा ओलांडायचा नाही, थांबायचंही नाही. धर्म राखला गेला आणि कामही झालं. (असे बेत मला कचेरीतच सुचत. तिथं दुसरं काम नसे.)

सकाळी भट्टी पेटवली. पंखा फिरवायचं काम माझ्याकडं आलं, कारण हमीदला स्टेअरिंग होतं आणि बसप्पाला पोट होतं. गॅस धरायला इतका वेळ लागला की निरोप द्यायला आलेली माणसं कंटाळून घरी गेली. शेवटी मोटारीला एक मोठा ठसका लागला आणि ती निघाली. चढ आला की आम्ही दोघं उतरून ढकलायचो. एका चढाला आमच्या मागून एक म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन आली, शेजारून चालत पुढं गेली आणि वरून म्हणाली, "बाबानु, घाई न्हाय वाटतं?"

घाई मला होती. पण ती दाखवायची सोय नव्हती.

तुळजापुरात बसप्पाच्या नात्यातल्या एका घरी आम्ही "उभ्या उभ्या" पाणी प्यायला थांबलो. पाण्याआधी भजी आली, भज्यांमागून जेवण आलं. जेवल्यावर यजमान म्हणाले, "आता लवंडा घटकाभर." बसप्पा इतक्या खोलवर लवंडला की त्याला उठवायला घरची दोन माणसं लागली. देवीचं दर्शन घेतलं. हमीद बाहेर मोटारीची राखण करत थांबला होता. त्याच्यासाठी मी पेढे आणले. तो म्हणाला, "क्या माँगा देवी से?"

"सगळ्यांचं बरं व्हावं."

"झूट मत बोल. जळकोट की सडक माँगी तूने."

पुढं नळदुर्ग. तिथं बसप्पाची मावशी. मावशीनं आम्हाला सोडलंच नाही, मुक्काम झाला. सकाळी हमीदनं किल्ल्याचा हट्ट धरला. पाणीमहालावरून पाणी कोसळतं ते बघायचंय म्हणाला. त्या साली पावसानं ओढ दिली होती. बोरी नदीच्या पात्रात म्हशी बसतील एवढंच पाणी. आम्ही जिना उतरून गेलो, कोरड्या दगडांसमोर उभे राहिलो आणि हमीद कितीतरी वेळ बघतच राहिला.

"अरे, पाणी नाही इथं," मी म्हणालो.

"पानी नै तो क्या हुआ? जगा तो है ना. गिरेगा तब यहीच गिरेगा."

मी रागावलो होतो. पुढं पोलीस कारवाईनंतर हमीद हैदराबादला निघून गेला तो परत आला नाही. तेव्हापासून मी अनेकदा त्या कोरड्या दगडांपाशी त्याच्यासारखाच उभा राहिलोय.

नळदुर्ग सोडलं तेव्हा जळकोट अगदी हाताशी आलं होतं आणि माझ्या छातीत मोटारीपेक्षा जास्त आवाज होत होता. मी शेरवानी झटकली, बटणं लावली, मिशीला पाणी लावलं. मनात एक वाक्यही तयार केलं. जाता जाता बोलायची संधी मिळालीच तर म्हणायचं, "तुझ्यावाचून घर खायला उठतं." वाक्य मी वाटेतल्या प्रत्येक झाडाला एकदा म्हणून दाखवलं.

इतक्यात मोटार खोकू लागली. हमीद ओरडला, "शिवा, भट्टी देख! जाळी भर गई!"

"बसप्पाला सांग."

"त्यो वाकला तर मोटार मागं आडवी हुईल," बसप्पा स्वतःबद्दलच म्हणाला.

मी पाठीमागच्या पायरीवर उभा राहिलो, मोटार चालती असतानाच भट्टीचं झाकण उघडलं आणि आत सळई घातली. कोळशाच्या गॅसला एकदम हवा मिळाली की काय होतं, ते हमीदनं मला सांगितलं नव्हतं. भक्कन जाळ झाला आणि काजळीचा एक ढग निघून पूर्णपणे माझ्यावर बसला. भुवया गेल्या. मिशी अर्धी गेली. शेरवानी मूळची काळी असल्यामुळं वाचल्यासारखी दिसत होती, पण गळ्याच्या वर शेरवानी कुठं संपते आणि मी कुठं सुरू होतो ते सांगता येत नव्हतं.

"थांबव," मी ओरडलो, "तोंड धुतो!"

"रुकी तो फिर चलती नै!" हमीद म्हणाला. त्याचं म्हणणं खरं होतं. जळकोटची पहिली घरं दिसायला लागली.

अशा अवतारात तिच्या समोरून जाण्यापेक्षा न दिसलेलं बरं, म्हणून मी भट्टीआड दडून बसलो. एवढ्या दूरवरून जिला बघायला आलो तिनं आता आपल्याला बघू नये, अशी देवाला विनवणी करत होतो. हमीदनं ठरल्याप्रमाणं भोंगा वाजवला. दोनदा. आणि भोंग्यानं उरलासुरला जीव खाल्ल्यासारखी मोटार हळूहळू हळूहळू जात बरोबर माझ्या सासऱ्यांच्या दारात उभी राहिली.

"बघ," बसप्पा म्हणाला, "गाडीला बी घर ठावं हाय."

गाव जमलं. माणसं, बाया, पोरंटोरं, मागून कुत्री. सासरे पागोटं सावरत बाहेर आले. बसप्पाला त्यांनी ओळखलं. "या, या, बसप्पा! वाट वाकडी केली म्हणायची." मग त्यांची नजर माझ्यावरून गेली, पुढं गेली आणि परत आली. ते गड्याला म्हणाले, "त्या कोळसेवाल्याला बी पाणी दे रं. पार करपलाय बिचारा."

मला बरं वाटलं. हाच मार्ग होता. कोळसेवाला म्हणून पाणी प्यावं आणि निघून जावं. दारात सासूबाई उभ्या होत्या, त्या माझ्याकडं बघून हळहळत होत्या. त्यांच्या मागं अंधारात एक हिरवं लुगडं दिसलं. मी मान खाली घातली.

पण बसप्पाच्या पोटात जेवण राहतं, गोष्ट राहत नाही. "मामा," तो म्हणाला, "कोळसेवाला कुटला? ह्यो तुमचा जावई."

सासूबाईंनी "यव्वा!" म्हणून डोळ्यांवर पदर ओढला आणि दार धाडकन लागलं. आतून रडण्याचा आवाज सुरू झाला. आखाडात जावयाचं तोंड पाहिलं! पहिल्याच आखाडात! आता पोरीच्या संसाराचं काय? बाहेर बाया आपसांत बोलायला लागल्या. कुणाच्या तरी आत्याच्या वेळी असंच झालं होतं आणि पुढं म्हैस मेली होती, असं निघालं. सासरे पांढरे पडले. मी सांगायला लागलो की आम्ही फक्त सडक बघायला आलो होतो; ते कुणाला पटेना, आणि सांगताना मलाही पटेना. आत ती असेल, तिलाही हे सगळं ऐकू येत असेल, या विचारानं मला भुईत शिरावंसं वाटलं. तिला माझी आठवण येते का, हे पाहायला आलो होतो. आता आठवण येईल ती अशीच येणार होती.

शेवटी मठातल्या स्वामींना बोलावलं. वृद्ध, शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग बंद दारापाशी जाऊन विचारलं, "अक्का, काय पाहिलं तुम्ही? खरं सांगा."

आतून हुंदका आला. "काळं."

"नाक कसं हाय जावयाचं?"

"न्हाय दिसलं."

"डोळे?"

"पांढरं काय तरी हललं."

स्वामी माझ्याजवळ आले, मला निरखून बघितलं, इकडून आणि तिकडून. मग गावाला म्हणाले, "तोंड दिसलं न्हाय. काजळी दिसली. काजळी बघायला आखाडात मनाई न्हाय."

बायांनी श्वास सोडला. सासऱ्यांनी स्वामींचे पाय धरले. तेवढ्यात गड्यानं माझ्यापुढं पाण्याची बादली आणून ठेवली. मी ओंजळ भरली आणि सगळं गाव एका आवाजात म्हणालं, "धुऊ नगा!"

तर मी धुतलं नाही. आता प्रश्न जेवणाचा. जावई दारात आला आणि उपाशी गेला तर ती आणखी एक नाचक्की. घरात नेता येईना, कारण उंबरा. स्वामींनी मोटारीभोवती एक फेरी मारली. "हिला उंबरा हाय का?" त्यांनी हमीदला विचारलं.

हमीदनं दार उघडून दाखवलं. "नै स्वामीजी. सीधा अंदर."

"मग हिच्यात वाढा."

अशा रीतीनं मी भर सडकेवर, मोटारीच्या मागच्या बैठकीवर मांडी घालून, काळ्या तोंडानं जावईपणाचं जेवण जेवलो. भोवती गाव उभं. कडक भाकरी, भरली वांगी, शेंगांची चटणी, आखाडाच्या गुळाच्या कापण्या. बसप्पा पुढच्या बैठकीवर बसून मनापासून जेवत होता आणि गावकऱ्यांना माझ्याबद्दल माहिती पुरवत होता. सासूबाईही आता दार उघडून उभ्या राहिल्या. काजळीची परवानगी मिळाल्यावर त्यांनी मला पोटभर बघून घेतलं.

मग त्या मागं वळून काहीतरी म्हणाल्या. आणि बांगड्या वाजल्या.

तो आवाज मी हजारांत ओळखला असता. नीला ताट घेऊन बाहेर आली. डोक्यावरून पदर, नजर जमिनीला. ती मोटारीपाशी आली, वाकली आणि माझ्या ताटात कापण्या वाढू लागली. इतक्या जवळ ती भर दिवसा माझ्या कधी आली नव्हती. तिच्या कपाळावरची विभूती दिसत होती, हनुवटी दिसत होती, आणि मधलं जे मला आठवत नव्हतं ते सगळं दिसत होतं. वाक्य तयार होतं. झाडांना पाठ झालं होतं. मी तोंड उघडलं. सासरे, स्वामी, हमीद, बसप्पा आणि समस्त जळकोट यांच्या साक्षीनं मी माझ्या बायकोला म्हणालो:

"चटणी आहे का अजून?"

तिनं मान हलवली आणि ती आत गेली. मी वाट बघत राहिलो. चटणी आली, पण ती सासऱ्यांनी आणली. "जावईबापूंना आपली चटणी आवडली!" ते गावाला म्हणाले. मी ती संपवली, या आशेनं की पुढची तरी ती आणेल. पुढची गड्यानं आणली. त्याच्या पुढची शेजारणीनं आपल्या घरून आणली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी मी चटणी मागत होतो. शेवटी निघताना मडकंभर चटणी बांधून दिली गेली. नीला काही आली नाही.

निघताना म्हणजे निघायचं ठरलं तेव्हा. कोळसा संपला होता. गावच्या लोहाराकडं होता तो त्याच्या कामाला लागणारा. सासरे म्हणाले, "माझी बैलं कशाला हायती?" त्यांची खिलारी जोडी आणली. मोटेचा नाडा मोटारीला बांधला, दुसरं टोक जुवाला, आणि गडी पुढं चालू लागला. हमीदनं स्टेअरिंग धरलं आणि तो कधी नव्हे इतका गंभीर झाला. वकीलसाहेबांची मोटार बैलांच्या मागं जळकोटहून नळदुर्गाकडं निघाली. मी मागं तोंड करून बसलो होतो.

आणि मला ती दिसली. सासऱ्यांच्या घराच्या माळवदावर ती एकटीच चढून आली होती. खाली सगळं गाव मोटारीकडं बघत होतं, त्यामुळं वर कुणाचं लक्ष नव्हतं. ती सरळ माझ्याकडं बघत होती. मी हात वर केला. तिनं पदर तोंडाशी नेला. तिचे खांदे हलत होते. मी पुन्हा हात हलवला, तशी तिनं पदरात तोंड लपवलं आणि ती खाली बसली, पुन्हा उठली, पुन्हा पदर तोंडाशी नेला. ती रडत होती. माझ्यासाठी कुणी असं रडलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मोटार वळणावर पोचेपर्यंत ती तिथंच होती.

मग मलाही राहवलं नाही. मी रडलो, अगदी मोकळेपणानं, हुंदके देऊन. वाटभर माझी थट्टा करणाऱ्या बसप्पानं कापणी पुढं केली. हमीदनं मागं न बघता हात मागं केला आणि माझा गुडघा थोपटला.

"रो मत यार," तो म्हणाला. "आखाड क्या उमर भर रहता?"

श्रावण लागला आणि ती आली. घरात पुन्हा बांगड्या वाजायला लागल्या, मला पुन्हा तहान लागायला लागली, आणि आईनं पुन्हा चूर्ण काढलं. मी संधीची वाट बघत होतो. एका दुपारी सगळे लग्नाला गेले, थोरले काकाही गेले. ती तांदूळ निवडत बसली होती. मी जवळ जाऊन बसलो आणि शक्य तितक्या हळव्या आवाजात म्हणालो, "त्या दिवशी फार रडलीस ना?"

"कवा?"

"माळवदावर. पदरात तोंड घालून."

तिनं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं बघितलं. "रडत कुठं हुते?"

"मग?"

"मोटारीला बैलं," ती म्हणाली, आणि तिला पुढं बोलवेना. "अन् मागं तुम्ही, तोंड काळं, भुवया न्हाईत... अन् हात हलवताय." तिनं पुन्हा पदर तोंडाशी नेला. खांदे तसेच हलायला लागले.

मला फार लागलं. मी उठायला लागलो. "एवढंच होतं, तर इतका वेळ वर उभी कशाला राहिलीस? वळणावर पोचेपर्यंत होतीस."

ती बराच वेळ सुपातले खडे चाळत राहिली. त्यात खडे नव्हते.

"बैलं लई हळू चालत हुती," ती म्हणाली. "मला वाटलं, अजून थोडी हळू चालली तर बरं."

पुढं आमचा लांबच लांब संसार झाला, पण यापेक्षा जास्त तिनं मला कधी काही सांगितलं नाही, आणि मला काही कमी पडलं असं वाटलं नाही. ती गेल्यालाही आता वर्षं झाली. अजून मी एस.टी.नं जळकोटवरून जातो. सडक खरोखरच चांगली झालीय. माळवद दिसायच्या आत गाव मागं पडतं, आणि मला उगीच ड्रायव्हरचा राग येतो. फक्त नळदुर्गापर्यंत कोण रडत गेलं होतं, ते मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. आधीच तिला हसू आवरत नव्हतं.